रणगाड्यांचे सेनानी : जनरल अरुणकुमार वैद्य

मुंबईच्या उपनगरांतील अनेक रस्त्यांना थोर व्यक्तींची नावे दिलेली आहेत. गोरेगाव आणि मालाड यांच्या पूर्व भागात दिंडोशी व गोकुळधाम या वस्त्यांच्या परिसरातून जाणारा असाच एक रहदारीचा रस्ता आहे. त्याचे नाव 'जनरल अरुणकुमार वैद्य मार्ग'. दररोज हजारो माणसे या रस्त्याने ये-जा करतात. तेथे राहणारी मुले आपल्या घराचा पत्ता लिहिताना हे नाव लिहितात. परंतु हे जनरल वैद्य कोण होते, 'जनरल' हे पद कोणते, आणि साध्या अधिकाऱ्यापासून त्या पदापर्यंत माणूस कसा पोहोचतो, हे त्यांतील किती जणांना ठाऊक असेल? या पाठात आपण तीच माहिती करून घेणार आहोत.

जनरल अरुणकुमार श्रीधर वैद्य यांचा जन्म २७ जानेवारी १९२६ रोजी अलिबाग येथे झाला. अलिबाग हे आजच्या रायगड जिल्ह्याचे मुख्य ठिकाण. समुद्रात उभा असलेला कुलाबा किल्ला आणि कान्होजी आंग्रे यांच्या आरमाराच्या कथा यांमुळे ते नाव महाराष्ट्राला परिचित आहे. तथापि अलिबागच्या या सुपुत्राने कीर्ती मिळविली ती समुद्रावर नव्हे, तर पंजाबच्या सपाट मैदानावर. आणि तीही गलबतांच्या नव्हे, तर रणगाड्यांच्या लढाईत.

वैद्य यांच्या तारुण्याच्या उंबरठ्यावर दुसरे महायुद्ध चालू होते. १९४५ च्या आरंभी ते सैन्यात अधिकारी म्हणून दाखल झाले. त्या वेळी त्यांचे वय अवघे एकोणीस वर्षांचे होते. 'डेक्कन हॉर्स' या रेजिमेंटमध्ये त्यांची नेमणूक झाली, आणि महायुद्धाच्या अखेरच्या महिन्यांत ब्रह्मदेशाच्या आघाडीवर त्यांना युद्धाचे पहिले दर्शन घडले.

मुलांनो, 'डेक्कन हॉर्स' हे नाव ऐकून तुम्हांला घोड्यांची आठवण झाली असेल, आणि ती योग्यच आहे. हे पथक मुळात हैदराबादच्या निजामाच्या सेवेतील घोडदळातून निर्माण झाले. पहिल्या महायुद्धात, १४ जुलै १९१६ रोजी, फ्रान्समधील सोमच्या लढाईत या पथकाच्या स्वारांनी घोड्यांवर बसून, हाती भाले घेऊन शत्रूवर चाल केली होती. परंतु यंत्रतोफांच्या माऱ्यापुढे घोडा टिकत नाही, हे त्याच युद्धाने जगाला शिकविले. पुढे घोडे गेले आणि त्यांच्या जागी रणगाडे आले. नाव मात्र तेच राहिले. घोडदळाचा वेग आणि धाडस रणगाड्यांच्या दळाने वारशाने घेतले, असे म्हणावयास हरकत नाही.

रणगाडा म्हणजे लोखंडी चिलखत घातलेली, पट्ट्यांवर चालणारी तोफ होय. त्याचे वजन तीस ते पन्नास टन असते. चिखल, खड्डे, शेते यांतून तो वाट काढतो. त्याच्या आत चार-पाच माणसे असतात. एक जण तो चालवितो, एक तोफेचा नेम धरतो, एक तोफेत गोळा भरतो, आणि एक जण या सर्वांना आज्ञा देतो. आत जागा अत्यंत अपुरी, उकाडा भयंकर, आणि आवाज कान बधिर करणारा असतो. रणगाड्याच्या बंद झडपेतून बाहेरचे फारच थोडे दिसते. म्हणून अनेकदा आज्ञा देणाऱ्या अधिकाऱ्याला आपले डोके झडपेबाहेर काढावे लागते. लोखंडी भिंतीआड बसलेला माणूस सुरक्षित असतो, असे दुरून वाटते. पण ज्याला आपल्या सोबत्यांना वाट दाखवावयाची असते, त्याला ती सुरक्षितता सोडून बाहेर पाहावेच लागते.

आता लष्करातील पदांची शिडी कशी असते, ते पाहू. शाळेत वर्गाचा प्रमुख असतो, त्यावर वर्गशिक्षक, त्यावर मुख्याध्यापक, आणि त्यावर अनेक शाळांवर देखरेख करणारे अधिकारी असतात. सैन्याची रचनाही काहीशी अशीच आहे. वैद्य दाखल झाले त्या काळी नवा अधिकारी सेकंड लेफ्टनंट या पदावर रुजू होत असे. त्याच्या हाती तीन-चार रणगाडे दिले जात. पुढे लेफ्टनंट व कॅप्टन होऊन तो मेजर झाला, म्हणजे सुमारे चौदा रणगाड्यांचे स्क्वाड्रन त्याच्या आज्ञेत येई. लेफ्टनंट कर्नल हा सुमारे पंचेचाळीस रणगाड्यांच्या संपूर्ण रेजिमेंटचा प्रमुख होता. अशा काही रेजिमेंट मिळून ब्रिगेड बनते, व तिचा प्रमुख ब्रिगेडियर असतो. अनेक ब्रिगेडांची एक डिव्हिजन होते, तिच्यावर मेजर जनरल असतो. अनेक डिव्हिजनांची कोअर, आणि कोअरांच्या वर प्रदेशवार विभाग, म्हणजे 'कमांड'. या दोन्हींवर लेफ्टनंट जनरल नेमलेले असतात. सर्वांच्या वर एकच अधिकारी असतो. तो म्हणजे भूदलाचा प्रमुख, जनरल.

ही शिडी जसजशी वर जाते तसतशी अरुंद होत जाते. हजारो तरुण अधिकारी पहिल्या पायरीवर उभे असतात. शेवटच्या पायरीवर एका वेळी एकच उभा राहू शकतो. शिवाय प्रत्येक पायरीवर कामाचे स्वरूप बदलत जाते. खालच्या पायरीवरील अधिकाऱ्याला स्वतः नेम धरावा लागतो. वरच्या पायरीवरील अधिकाऱ्याला नकाशा वाचावा लागतो, शत्रूच्या मनातील बेत ओळखावा लागतो, आणि गोळे, इंधन, अन्न व औषधे वेळेवर पोहोचतील, याची व्यवस्था करावी लागते. इंधन संपलेला रणगाडा म्हणजे लोखंडाचा निरुपयोगी ढीगच होय. म्हणून सेनापतीच्या यशात रणांगणावरील शौर्याइतकाच रणांगणामागील टापटिपीचा वाटा असतो.

स्वातंत्र्यानंतर वैद्य यांनी ही शिडी एकेक पायरीने चढली. १९६५ मध्ये ते लेफ्टनंट कर्नल झालेले होते, आणि ज्या डेक्कन हॉर्समध्ये एकोणिसाव्या वर्षी ते दाखल झाले होते, तिचेच ते आता प्रमुख होते. त्या वर्षी भारत व पाकिस्तान यांच्यामध्ये युद्ध पेटले. ६ सप्टेंबर रोजी भारतीय सैन्याने लाहोरच्या आघाडीवर सीमा ओलांडली. या आघाडीच्या दक्षिण टोकाला पंजाबातील खेमकरण हे गाव आहे. तेथून पुढे गेलेल्या आपल्या चौथ्या पर्वतीय डिव्हिजनवर शत्रूने जोराचा प्रतिहल्ला केला. आपल्या फौजेची मोठी हानी झाली, आणि तिला मागे हटावे लागले. खेमकरण शत्रूच्या हाती गेले.

हा प्रसंग अत्यंत बिकट होता. शत्रूचा बेत लहान नव्हता. त्याच्याजवळ अमेरिकेत बनविलेले 'पॅटन' नावाचे आधुनिक रणगाडे होते. त्यांच्या बळावर खेमकरणमधून मुसंडी मारावयाची, बियास नदीवरील पूल हस्तगत करावयाचा, आणि अमृतसरकडे जाणारा महामार्ग तोडून टाकावयाचा, असा तो बेत होता. तो सफल झाला असता, तर पंजाबातील आपली फौज मागील देशापासून तुटली असती. याउलट आपल्या डेक्कन हॉर्सजवळ 'शर्मन' रणगाडे होते. ते दुसऱ्या महायुद्धाच्या काळातले, म्हणजे वीस वर्षांपूर्वीच्या बनावटीचे होते. पॅटनच्या जाड चिलखतापुढे समोरासमोर त्यांचा निभाव लागणे कठीण होते.

अशा वेळी सेनानीची खरी परीक्षा होते. ज्याचे शस्त्र दुबळे, त्याने बुद्धीचे शस्त्र परजावे लागते. डिव्हिजनचे प्रमुख मेजर जनरल गुरबक्ष सिंग यांनी मागे हटलेली फौज 'असल उत्तर' या खेड्याभोवती उभी केली. तिची रचना घोड्याच्या नालेसारखी होती. म्हणजे तीन बाजू बंद आणि शत्रूच्या दिशेची बाजू उघडी. शेतांत उंच ऊस उभा होता. त्या उसात आपले रणगाडे व रणगाडाविरोधी तोफा दडवून ठेवण्यात आल्या. कालव्यांचे पाणी शेतांत सोडण्यात आले, त्यामुळे जमीन दलदलीची झाली. ब्रिगेडियर थिओग्राज यांच्या चिलखती ब्रिगेडमधील सेंच्युरियन रणगाडे आणि वैद्य यांच्या डेक्कन हॉर्सचे शर्मन रणगाडे आपापल्या जागी सिद्ध झाले. सर्वांना एकच शिकवण होती: शत्रू जवळ येईपर्यंत धीर धरावयाचा, आणि त्याची बाजू आपल्याकडे वळली म्हणजे मगच गोळा डागावयाचा. कारण पॅटनचे चिलखत समोरून जाड असले तरी बाजूंनी तितके जाड नव्हते.

धीर धरणे हे ऐकण्यास सोपे, परंतु करण्यास फार अवघड. पंचेचाळीस टनांचे अजस्र यंत्र गडगडत आपल्या रोखाने येत आहे, त्याची तोफ आपल्याकडे वळलेली आहे, आणि आपण मात्र श्वास रोखून थांबावयाचे! एका भित्र्या माणसाने घाईने गोळा सोडला तरी सर्वांची जागा शत्रूला कळून चुकते. अशा क्षणी सैनिकाचे लक्ष आपल्या प्रमुखाकडे असते. प्रमुख शांत असला म्हणजे तोही शांत राहतो. लेफ्टनंट कर्नल वैद्य या दिवसांत जिवाची पर्वा न करता आपल्या रेजिमेंटच्या एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी सतत फिरत राहिले. 'आपला साहेब आपल्याबरोबर आहे,' ही जाणीवच जवानांचे मोठे चिलखत ठरली.

८ सप्टेंबरपासून शत्रूने हल्ल्यांमागून हल्ले केले. १० सप्टेंबर हा निर्णायक दिवस ठरला. पॅटन रणगाडे नालेच्या उघड्या तोंडातून आत शिरले. काही चिखलात रुतले, काही उसात वाट चुकले, आणि तिन्ही बाजूंनी त्यांच्यावर गोळ्यांचा वर्षाव झाला. याच दिवशी ग्रेनेडियर्स पलटणीच्या अब्दुल हमीद या वीराने जीपगाडीवर बसविलेल्या तोफेने शत्रूचे अनेक रणगाडे उडविले आणि अखेर स्वतःचे प्राण अर्पण केले. त्यांना मरणोत्तर परमवीरचक्र देण्यात आले. भारतीय नोंदींनुसार या लढाईत शत्रूने ९७ रणगाडे गमावले. पाडाव झालेले रणगाडे जवळच्या भिखीविंड येथे रांगेने उभे करण्यात आले, तेव्हा लोक त्या जागेला 'पॅटननगर' म्हणू लागले. 'असल उत्तर' या शब्दांचा अर्थ 'खरे उत्तर' असा होतो. त्या खेड्याने आपले नाव सार्थ केले.

एक गोष्ट येथे प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे. खेमकरण गाव मात्र युद्ध थांबेपर्यंत शत्रूच्याच ताब्यात राहिले. जानेवारी १९६६ मध्ये ताश्कंद येथे करार झाला, त्यानंतर ते आपल्याला परत मिळाले. युद्धात विजयाचा आनंद कधीच निर्भेळ नसतो. तथापि शत्रूचा मोठा बेत धुळीस मिळाला, यात शंका नाही. या लढाईतील नेतृत्वाबद्दल वैद्य यांना महावीरचक्राने गौरविण्यात आले. शौर्यासाठी दिले जाणारे हे आपल्या देशातील परमवीरचक्राच्या खालोखालचे पदक आहे.

सहा वर्षांनी, डिसेंबर १९७१ मध्ये, पुन्हा युद्ध झाले. आता वैद्य हे ब्रिगेडियर होते, आणि सोळाव्या चिलखती ब्रिगेडची धुरा त्यांच्याकडे होती. पंजाब व जम्मू यांच्या सीमेवर शकरगढ नावाचा पाकिस्तानी प्रदेश फुगवट्यासारखा आपल्या हद्दीत घुसलेला आहे. जम्मू-काश्मीरकडे जाणारा आपला रस्ता तेथून जवळच असल्यामुळे तो कोणत्याही क्षणी तोडला जाण्याची भीती होती. म्हणून आपल्या सैन्याने स्वतःच त्या प्रदेशात शिरण्याचे ठरविले.

या वेळी अडचण निराळीच होती. शत्रूने वाटेत जमिनीखाली सुरुंगांचे रुंद पट्टे पेरून ठेवले होते. काही पट्टे एक किलोमीटरपेक्षाही अधिक खोल होते. सुरुंगावर रणगाड्याचा पट्टा पडला की स्फोट होतो, आणि रणगाडा जागच्या जागी पंगू होतो. मग शत्रूच्या तोफांना तो आयता नेम मिळतो. म्हणून आधी लष्करी अभियंत्यांना शत्रूच्या माऱ्याखाली, काळोखात, सुरुंग काढून एक अरुंद वाट मोकळी करावी लागते. तिच्या दोन्ही बाजूंना खुणा लावतात. त्या खुणांच्या आतून एकामागून एक रणगाडे पुढे न्यावयाचे असतात. वाट चुकली की घात झालाच म्हणून समजावे.

चक्रा व देहलरा येथील लढायांत आणि पुढे बसंतर नदीच्या काठी वैद्य यांच्या ब्रिगेडने अशा वाटा पार केल्या. स्वतः ब्रिगेडियर वैद्य सुरुंगांमधील त्या अरुंद वाटेने पुढे गेले. १५ डिसेंबरच्या रात्री बसंतर ओलांडून आपले पायदळ पलीकडे पोहोचले होते, परंतु रणगाड्यांवाचून त्याला शत्रूच्या चिलखती हल्ल्यापुढे तग धरणे शक्य नव्हते. सुरुंग पूर्णपणे काढून झालेले नव्हते. अशा स्थितीत थांबावे, तर पलीकडील जवान मारले जाणार. पुढे जावे, तर रणगाडे सुरुंगांत सापडण्याची भीती. अखेर 'पूना हॉर्स' या रेजिमेंटने पुढे जाण्याचा निर्णय घेतला आणि तिचे रणगाडे त्या अर्धवट मोकळ्या वाटेने पलीकडे पोहोचले. दुसऱ्या दिवशी शत्रूने केलेले जोराचे प्रतिहल्ले परतवून लावण्यात आले.

याच दिवशी, १६ डिसेंबर रोजी, पूना हॉर्सचा एकवीस वर्षांचा तरुण अधिकारी सेकंड लेफ्टनंट अरुण खेतरपाल धारातीर्थी पडला. त्याचा जन्म पुण्यातला. त्याच्या रणगाड्याला आग लागली होती. रणगाडा सोडून मागे येण्याची सूचना त्याला मिळाली. परंतु आपली तोफ अजून चालते आहे, तोवर आपण मागे फिरणार नाही, असा त्याचा निश्चय होता. त्याला मरणोत्तर परमवीरचक्र मिळाले. ब्रिगेडच्या प्रमुखाचे नाव अरुण आणि तिच्यातील या कोवळ्या वीराचेही नाव अरुण! सेनापती जेव्हा 'पुढे चला' अशी आज्ञा देतो, तेव्हा ती आज्ञा अशा तरुणांना पाळावयाची असते, आणि त्यांतील काही जण परत येणार नाहीत, हे त्याला ठाऊक असते. हा भार खांद्यावरील चांदण्यांत दिसत नाही; पण प्रत्येक चांगल्या सेनापतीला तो जन्मभर वाहावा लागतो.

या युद्धातील पराक्रमाबद्दल ब्रिगेडियर वैद्य यांना दुसऱ्यांदा महावीरचक्र मिळाले. हा सन्मान दोनदा मिळविणारे वीर भारतात अवघे सहा आहेत.

यानंतर ते मेजर जनरल व लेफ्टनंट जनरल झाले, आणि पूर्व विभागाच्या सैन्याचे प्रमुख म्हणून त्यांनी काम पाहिले. १९८३ च्या ऑगस्ट महिन्यात, वयाच्या सत्तावन्नाव्या वर्षी, ते भारतीय भूदलाचे प्रमुख झाले. तीन-चार रणगाड्यांपासून निघालेली वाटचाल सुमारे दहा लाख सैनिकांच्या सेनेपर्यंत येऊन पोहोचली. या प्रवासाला अडतीस वर्षे लागली होती.

त्यांच्या कारकिर्दीत दोन मोठ्या घटना घडल्या. त्यांतील पहिली हिमालयात घडली. काश्मीरच्या उत्तरेस सियाचीन नावाची सुमारे पंचाहत्तर किलोमीटर लांबीची हिमनदी आहे. १३ एप्रिल १९८४ रोजी आपल्या जवानांना हेलिकॉप्टरने तेथील खिंडीजवळ उतरविण्यात आले, आणि त्या हिमनदीभोवतालच्या मोक्याच्या जागा भारताने ताब्यात घेतल्या. या जागा पाच हजार मीटरांहून अधिक उंचीवर आहेत. तेथे शत्रूच्या गोळ्यांपेक्षा थंडी, हिमकडे आणि विरळ हवा यांनीच अधिक बळी घेतले आहेत.

दुसरी घटना अतिशय दुःखद होती. त्या काळी पंजाबात हिंसाचार माजला होता. जर्नेलसिंग भिंद्रनवाले व त्यांचे सशस्त्र अनुयायी अमृतसरच्या सुवर्णमंदिराच्या आवारात मोर्चे बांधून बसले होते. जून १९८४ मध्ये सरकारने तेथे सैन्य पाठविण्याचा निर्णय घेतला. या कारवाईत जवान मृत्युमुखी पडले, सशस्त्र लोक मृत्युमुखी पडले, आणि दर्शनासाठी आलेले अनेक निरपराध यात्रेकरूही मृत्युमुखी पडले. अकाल तख्ताच्या पवित्र वास्तूची मोठी हानी झाली. शीख बांधवांच्या अंतःकरणाला त्यामुळे खोल जखम झाली. त्याच वर्षी ३१ ऑक्टोबरला पंतप्रधान इंदिरा गांधी यांची त्यांच्याच अंगरक्षकांनी हत्या केली, आणि त्यानंतर दिल्लीत व अन्यत्र हजारो निरपराध शिखांच्या कत्तली झाल्या. आपल्या देशाच्या इतिहासातील हे पान वाचताना मान खाली जाते.

मुलांनो, येथे एक तत्त्व समजून घेणे आवश्यक आहे. लोकशाहीत युद्ध करावे की न करावे, सैन्य कोठे पाठवावे, हे सेनापती ठरवीत नाही. ते लोकांनी निवडलेले सरकार ठरविते, आणि सेनापती ती आज्ञा पार पाडतो. अनेक देशांत सेनापतींनीच सत्ता बळकावली आणि जनतेचे स्वातंत्र्य नष्ट झाले. आपल्या देशात तसे झाले नाही, याचे मोठे श्रेय आपल्या सैन्याच्या शिस्तीला आहे. परंतु या शिस्तीची किंमतही सेनापतीला चुकवावी लागते. पंजाबच्या भूमीवर गुरबक्ष सिंग यांच्यासारख्या शीख सेनानीच्या आज्ञेत लढून ज्यांनी कीर्ती मिळविली, त्याच वैद्यांना पुढे त्याच पंजाबात अशा कारवाईच्या वेळी सेनेचे प्रमुखपद सांभाळावे लागले. सरकारचा तो निर्णय योग्य होता की अयोग्य, याविषयी विचारवंतांत आजही मतभेद आहेत. मोठे झाल्यावर तुम्ही दोन्ही बाजू वाचाल, आणि आपले मत स्वतः बनवाल.

३१ जानेवारी १९८६ रोजी जनरल वैद्य निवृत्त झाले आणि पुण्यास येऊन राहिले. आयुष्यभर छावण्यांतून फिरलेल्या या सैनिकाला आता घरच्या माणसांत चार दिवस शांततेने घालवावयाचे होते. परंतु १० ऑगस्ट १९८६ रोजी, सकाळच्या वेळी, पत्नीसह बाजारातून घरी परतत असताना, मोटारसायकलवरून आलेल्या मारेकऱ्यांनी त्यांच्यावर गोळ्या झाडल्या. ते स्वतःच मोटार चालवीत होते. दोन युद्धांतील तोफांच्या माऱ्यातून जो सुखरूप परतला, त्याला आपल्याच शहरातील रस्त्यावर मृत्यू आला. सुवर्णमंदिरातील कारवाईचा सूड म्हणून ही हत्या करण्यात आली होती. मारेकऱ्यांवर रीतसर खटला चालला, आणि १९९२ मध्ये त्यांना फाशी देण्यात आली. जनरल वैद्य यांना भारत सरकारने मरणोत्तर 'पद्मविभूषण' हा किताब अर्पण केला.

सूडाने प्रश्न सुटत नाहीत. एक जखम दुसऱ्या जखमेला जन्म देते, एवढेच सूडाचे फळ असते. असल उत्तरच्या उसात हिंदू, मुसलमान, शीख व ख्रिस्ती जवान एकाच रांगेत दडून बसले होते. शेजारच्याचा धर्म कोणता, हे विचारण्यास तेथे कोणाला सवड नव्हती. त्या रांगेत आपल्या देशाचे जे चित्र दिसले, तेच खरे चित्र होय.

आज ज्यांना सैन्यात अधिकारी व्हावयाचे असेल, त्यांना पुण्याजवळ खडकवासला येथील राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीत परीक्षा देऊन प्रवेश मिळविता येतो. २०२२ पासून तेथे मुलींनाही प्रवेश मिळू लागला आहे. अहिल्यानगर येथे, ज्याचे नाव पूर्वी अहमदनगर असे होते, चिलखती दलाचे मोठे शिक्षणकेंद्र आहे. तेथील रणगाडा संग्रहालयात अनेक देशांचे जुने रणगाडे मांडून ठेवलेले आहेत. संधी मिळाल्यास तुम्ही ते अवश्य पाहा. त्या थंड लोखंडाला हात लावून पाहा, आणि आत बसणाऱ्या चौघा-पाच जणांची कल्पना करा.

सर्वच मुले सैनिक होणार नाहीत, आणि होण्याची आवश्यकताही नाही. परंतु जनरल वैद्य यांच्या चरित्रातून प्रत्येकाला घेण्याजोगे काही आहे. आपले साधन जुने व अपुरे असले, तरी बुद्धी व धीर यांच्या जोरावर ते पुरेसे करता येते, हे असल उत्तर येथे दिसले. ज्या वाटेवर आपण दुसऱ्याला पाठवितो, त्या वाटेवर स्वतः जाण्याची तयारी असावी लागते, हे बसंतरच्या काठी दिसले. आणि मोठे पद हे मानाचे आसन नसून जबाबदारीचे ओझे असते, हे त्यांच्या अखेरच्या वर्षांनी दाखविले. या तीन गोष्टी ज्याने अंगी बाणविल्या, त्याच्या हाती रणगाडा असो, नांगर असो वा लेखणी असो, तो आपले काम सचोटीनेच करील.